हसलेल्या अनारशांचं वाण

परक्या घरात सकाळी साडेसहा वाजता मी चोरासारखी दोन केळी सोलत होते. जिजी देवळात गेल्या होत्या. अण्णा अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. द्वारकाआत्या न्हाणीघरात होत्या आणि तिथून त्यांचा स्तोत्राचा खणखणीत आवाज येत होता. तो थांबायच्या आत मला काम उरकायचं होतं.

समोर चिनी मातीची बरणी होती, अनारशाच्या पिठाची. मी आत बोट घालून पाहिलं तर पीठ दगडासारखं घट्ट. मला वाटलं, वाळलं हे. आता अनारसे थापताना भेगा पडणार, जिजींची फजिती होणार, आणि मी नुसती बघत बसणार. लहानपणी माझ्या मावशीनं अशाच पिठात केळं कुस्करून घातलेलं मी पाहिलं होतं. किती पिठाला किती केळं, ते मात्र पाहिलं नव्हतं.

मी दोन्ही केळी घातली. चांगलं मळलं. पीठ लोण्यासारखं मऊ झालं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. तेवढ्यात स्तोत्र थांबलं. साली कुठे टाकाव्यात ते सुचेना, म्हणून मी त्या माझ्या पर्समध्ये कोंबल्या आणि पर्स खुंटीला अडकवून टाकली.

ही गोष्ट नव्व्याण्णव सालच्या ज्येष्ठातली, म्हणजे अधिक ज्येष्ठातली. दर तीन वर्षांनी अधिक महिना येतो, धोंड्याचा महिना. त्यात लेकीला आणि जावयाला घरी बोलावून पुरणाचे धोंडे जेवू घालायचे आणि जावयाला तेहेतीस अनारशांचं वाण द्यायचं, अशी आमच्याकडची रीत. आम्ही फलटणला ज्या घरी आलो होतो ते माझं माहेर नव्हतं. जयवंतांची, माझ्या नवऱ्याची, ती सासुरवाडी होती. त्यांच्या पहिल्या बायकोचं, पमाचं माहेर.

पमा जाऊन चार वर्षं झाली होती. मेंदूज्वरानं आठ दिवसांत गेली. मूलबाळ नव्हतं. माझं आणि जयवंतांचं लग्न होऊन जेमतेम सात महिने झाले होते. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते. आई मी बारा वर्षांची असताना गेली, वडील त्यानंतर सहा वर्षांनी. एक भाऊ बेळगावला होता, त्याला धोंड्याच्या महिन्याची आठवण झाली नाही, किंवा झाली असेल तर त्यानं ती मनातच ठेवली.

मग फलटणहून पत्र आलं. जिजींचं, म्हणजे पमाच्या आईचं, मोठ्या, गोल अक्षरातलं. ‘दोघांनी यावे. आदल्या दिवशी मुक्कामाला यावे.’

“आपण जायचं?” मी जयवंतांना विचारलं होतं.

“मला जायचंय. तू नको म्हणालीस तर नाही जाणार.”

“मी तिथे कोण म्हणून जाऊ?”

ते पत्राची घडी घालत राहिले. मीही फार ताणलं नाही. “एकदाच येईन,” एवढं सांगितलं. “पुन्हा मला म्हणायचं नाही.”

तर अशी मी तिथे गेले होते. मधल्या खोलीत पमाचा फोटो होता, हार घातलेला. गोल चेहरा, डाव्या गालाला खळी. मी कुठेही बसले तरी ती माझ्याकडे बघतेय असं वाटायचं. जिजी बारीक चणीच्या, साठीच्या, नऊवारी नेसणाऱ्या. आदल्या संध्याकाळी दारात आल्या आल्या त्यांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि म्हणाल्या, “मला काय हाक मारायची ह्याचा घोळ घालू नकोस. सगळं गाव जिजी म्हणतं, तूही म्हण.” बोलणं एवढंच. पुढे रात्री जेवण होईपर्यंत फक्त “भात घे”, “पाणी देऊ का” असं. त्या मला आवडून घेत होत्या की सोसत होत्या, ते कळायला मार्ग नव्हता.

द्वारकाआत्यांचं मात्र सगळं उघड होतं. त्या अण्णांच्या, म्हणजे पमाच्या वडिलांच्या, थोरल्या बहीण, सत्तरीच्या, आवाजानं आणि अंगानं भारदस्त. दर अधिकात अनारशांवर देखरेख करायला त्या बारामतीहून येत. माझी ओळख करून दिली तेव्हा त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि जयवंतांना म्हणाल्या, “उंच आहे.” आमची पमा ठेंगणी होती, हे त्यांना म्हणायचं होतं. ते न म्हणताही सगळ्यांना ऐकू आलं.

दहाच्या सुमाराला जिजींनी कढई चढवली. तूप तापलं. आत्या पाटावर बसून देखरेख करायला लागल्या, मी खसखशीची वाटी घेऊन बाजूला. त्याच वेळी लाइट गेली आणि घरातले पंखे बंद पडले.

जिजींनी बरणीतून पीठ काढलं. हातात घेतलं आणि एक क्षण थांबल्या. गोळा नाकाजवळ नेला.  मग खसखशीवर अनारसा थापला आणि अलगद तुपात सोडला.

तो दोन श्वास छान तरंगला. मग त्याच्या कडेला एक फट पडली. ती रुंदावली, दुसरी पडली, आणि बघता बघता तो अनारसा कढईभर झाला.

“हसला!” आत्या ओरडल्या.

अनारसा तुपात असा फुटून विरघळला की तो हसला म्हणतात. हे मला माहीत होतं, पण हसताना कधी पाहिला नव्हता. जिजींनी तो झाऱ्यानं गोळा करून बाजूला काढला. दुसऱ्या गोळ्यात तांदळाची पिठी मिसळली. दुसरा पहिल्यापेक्षा जास्त हसला. तिसऱ्याच्या वेळी आच कमी केली. तिसरा मंद आचेवर सावकाश, चवीनं हसला. पाचवा तर झाऱ्यावरच हसायला लागला.

आत्यांनी कपाळाला हात लावला आणि जिजींकडे वळल्या. “यमुना, पमा होती तोवर ह्या घरात एकदा तरी अनारसा हसला होता का? काय हात होता पोरीचा! जाळी कशी, खसखस कशी. मी बारामतीत सगळ्यांना सांगायची. आणि आज हे.” मग माझ्याकडे न बघता, पण माझ्याशीच बोलावं तशा म्हणाल्या, “माणसं बदलली की घराचा गुण बदलतो.”

मी तोंड उघडलं. खरं सांगते, मी बोलणार होते. पण खसखशीच्या वाटीकडे बघत बसले.

“वन्सं,” जिजी म्हणाल्या, कढईवरची नजर न काढता, “माणसांचा काय संबंध? काल संध्याकाळी मीच त्यात केळी कुस्करून घातली. दोन.”

“दोन? एवढ्याशा पिठाला?”

“घातली खरी. डोळ्यांबरोबर आता डोकंही अधू व्हायला लागलंय.”

“अगं, चाळीस वर्षं अनारसे करतेस तू!”

“म्हणून तर म्हटलं, अधू झालंय.”

आत्यांनी मग जिजींना चांगलं फैलावर घेतलं. तांदूळ तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, सावलीत वाळवायचा, पीठ बरणीत घट्ट होतं ते तसंच असतं, मळलं की सैल पडतं, हे शेंबड्या पोरीलाही कळतं. चाळीस वर्षं केलेल्या गोष्टी त्या बाईंना पहिल्यापासून शिकवल्या जात होत्या, आणि त्या खाली मान घालून “हो वन्सं, खरंय वन्सं” म्हणत होत्या. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. माझ्या जागी दुसरं कोणी तरी बोलणी खातंय हा अनुभव मला आयुष्यात तोवर आला नव्हता. आई गेल्यावर मी मावशीकडे वाढले. मावशी चांगली होती, पण तिची स्वतःची चार मुलं होती. चूक झाली की ती कोणाची, हे त्या घरात आधी शोधलं जायचं.

आत्या दमल्या तेव्हा जिजींनी पदर खोचला आणि माझ्याकडे वळल्या. “शालन, मोठी चाळणी आण. आणि ते सगळं पीठ इकडे दे.”

“सगळं?”

“सगळं. हसायचंच आहे तर हसू दे सगळ्यांना.”

आणि त्यांनी खरंच उरलेलं सगळं पीठ मुठीमुठीनं तुपात सोडलं. कढईत नुसता खदखदाट. तांबूस, कुरकुरीत चुरा त्या झाऱ्यानं काढत गेल्या, मी चाळणीत निथळत गेले. गरम असतानाच जिजींनी त्यात वेलदोडा घातला, तुपाचा हात घेतला आणि लाडू वळायला लागल्या. वरून खसखशीत घोळवायचे. चटके बसत होते, पण थांबून चालणार नव्हतं, गार झालं की ते वळले गेले नसते. मीही वळायला लागले. माझा पहिला लाडू चौकोनी झाला. जिजींनी तो उचलून पाहिला आणि मुकाट्यानं ताटात सगळ्यांत खाली ठेवला.

बरोबर तेहेतीस झाले. उरलेला चुरा अण्णांनी वाटीत घेऊन पेपरबरोबर संपवला.

“वाणाला अनारसे लागतात, लाडू नव्हे,” आत्या म्हणाल्या.

“तांदूळ तेच, गूळ तोच, तूपही तेच,” जिजी म्हणाल्या. “देवाला चव कळेल की. आकाराचं मी त्याला समजावून सांगेन.”

साडेबाराला पानं मांडली. लाइट अजून आलेली नव्हती, घामानं सगळे निथळत होते. भिंतीजवळ रांगोळी घातलेला पाट होता, त्यावर जयवंत बसले, नवं उपरणं खांद्यावर घेऊन. त्यांच्याशेजारी जिजींनी दुसरा पाट मांडला. त्याभोवतीही रांगोळी.

“हा कोणाला?” आत्यांनी विचारलं.

“शालनला. जोडीनं ओवाळायचं ना.”

मी दारातच उभी होते, हातात मिठाची वाटी घेऊन. आत्यांनी त्या पाटाकडे पाहिलं. मग त्यांचा आवाज अगदी खाली आला. त्या ओरडत होत्या तेव्हा मला इतकी भीती वाटली नव्हती.

“यमुना, हे जावई पमाचे आहेत.”

 अण्णा पंखा बंद होता तरी पंख्याकडे बघत बसले. जयवंतांनी मान खाली घातली. मी मनात म्हटलं, आता वाटी खाली ठेवावी, पर्स घ्यावी आणि बस स्टँड गाठावा.

“होते, वन्सं,” जिजी म्हणाल्या. त्यांच्या हातात ओवाळणीचं ताम्हन होतं. “पमा गेली त्या दिवशी आपला जावईही गेला. लेक असल्याशिवाय जावई कुठला? गेली चार वर्षं मी ह्यांना वाण दिलं नाही. अधिक येऊन गेला, तरी बोलावलं नाही. काय म्हणून बोलावणार होते? आता बोलावलंय ते शालनमुळे. ती आहे म्हणून हे जावई आहेत.” मग माझ्याकडे वळून, भाजी चिरायला सांगावं तशा आवाजात म्हणाल्या, “ये गं, बस. निरांजन विझेल.”

मी बसले. कशी बसले ते आठवत नाही. मला सात महिने वाटत होतं की मी जयवंतांच्या मागे मागे ह्या घरात येणार. ते आणणार, मी येणार. आणि ह्या बाईंनी एका वाक्यात रांग उलटी केली होती. मी आले होते, आणि माझ्या मागे जयवंत.

डोळ्यांत पाणी यायला सुरुवात झाली होती. जिजींनी ताम्हन उचललं, जयवंतांच्या कपाळाला कुंकू लावलं, निरांजन त्यांच्या चेहऱ्यासमोर आणलं, आणि नेमकी त्याच क्षणी लाइट आली.

पंख्याचं बटण पाचवर होतं. तो घरघरून सुरू झाला तो एकदम पूर्ण वेगानं. दोन्ही पाटांच्या रांगोळ्या उडाल्या, पापड उडाला, आणि जयवंतांच्या नव्या उपरण्याचं टोक उडून थेट निरांजनावर आलं.

भप्पकन पेटलं.

“अगं बाई!” आत्या किंचाळल्या. जिजी ताम्हन घेऊन मागे सरकल्या. जयवंत उपरणं झटकायला लागले, त्यामुळे ते जास्तच पेटलं. मी त्यांच्या खांद्यावर हातानं मारायला लागले. आणि अण्णा, ज्यांच्या तोंडून कालपासून मी चार वाक्यंही ऐकली नव्हती ते अण्णा, उभे राहिले, समोरचं मठ्ठ्याचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं आणि सगळंच्या सगळं जावयाच्या डोक्यावर ओतलं.

फस्स.

मग फक्त पंख्याचा आवाज. जयवंत पाटावर तसेच बसलेले. केसांतून मठ्ठा ओघळतोय. भुवईवर कोथिंबीर, कानामागे आल्याचा तुकडा, नाकाच्या शेंड्यावर हिंग-जिऱ्याची फोडणी. उपरण्याच्या टोकातून धुराची एक बारीक रेघ. माझी निम्मी साडी पांढरी झालेली.

अण्णांनी रिकामं पातेलं छातीशी धरलं. “विझलं का?”

“विझलं, अण्णा,” जयवंत म्हणाले. त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली. “पण मीठ जरा कमी पडलंय.”

माझ्या मुठीत मिठाची वाटी होती. पेटलेल्या उपरण्यावर मारामारी करतानाही मी ती सोडली नव्हती. मी काही विचार न करता ती त्यांच्यापुढे धरली.

आधी एक बारीकसा आवाज आला. मला वाटलं कोणी रडतंय. बघते तर जिजी. ताम्हन जमिनीवर ठेवून त्या खांबाला टेकल्या होत्या, पदराचा बोळा तोंडात कोंबला होता आणि त्यांचं सगळं अंग गदगदत होतं. मग बोळा सुटला. त्या हसायला लागल्या त्या थांबेचनात. पोट धरून हसत होत्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. अण्णा त्यांच्याकडे टक लावून बघत होते. मग म्हणाले, “चार वर्षांनी हसली.” कोणाला उद्देशून म्हणाले नाहीत. पातेलं अजून छातीशीच होतं. आणि मग तेही हसायला लागले. जयवंत हसले, मी हसले. आत्या तेवढ्या तोंड घट्ट मिटून बसल्या होत्या, पण त्यांचे खांदे हलत होते.

जयवंत अंघोळ करून अण्णांचं धोतर नेसून आले आणि आम्ही जेवलो. धोंडे छान झाले होते, कटाची आमटीही. वाण दिलं, दिवा लावून, तेहेतीस हसलेल्या अनारशांच्या लाडवांचं. आत्यांनी चाखून बघते म्हणून एक घेतला, आणि पंगत उठेपर्यंत चार खाल्ले. नंतरच्या प्रत्येक अधिकात जिजींनी अनारसे नीट केले आणि थोडं पीठ मुद्दाम बिघडवून लाडूही केले, कारण आत्यांची पत्रातून तशी मागणी यायची. पण ते पुढचं.

जेवणं झाल्यावर घर आडवं झालं. मागच्या दारी मोरीजवळ जिजी आणि मी भांडी घासायला बसलो. राख लावून त्या घासत होत्या, मी विसळत होते. 

“जिजी, ती केळी मी घातली होती.”

“ठाऊक आहे.”

“तुम्ही देवळात गेला होता तेव्हा. मला वाटलं पीठ वाळलंय. मी आत्यांसमोर बोलायला हवं होतं, पण...”

“आधी ती तुझी पर्स झटकून ये,” जिजी म्हणाल्या. “खुंटीपासून खिडकीपर्यंत मुंग्यांची रांग लागलीय. मी दहा वाजताच बघितली. म्हटलं, हिच्या पर्समध्ये असं काय गोड आहे? आणि फणीतली दोन केळी कमी. मग पिठाला वास आला.”

मला हसू येईना. मी तशीच ताट विसळत राहिले. एकच ताट, पुन्हा पुन्हा. “मग तुम्ही का बोलणी खाल्लीत? आत्या म्हणतात पमाताईंच्या हातचा एकही अनारसा कधी...”

जिजींनी हातातलं भांडं खाली ठेवलं. घराकडे वळून पाहिलं, दार लोटलेलं आहे ना ते. मग माझ्या कानाजवळ आल्या.

“पमाला अनारसे येत नव्हते.”

“काय?”

“अजिबात. पोरीचा हात असा ओला की बास. दरवेळी हसायचे. मोठी झाली, लग्न झालं, तरी हसायचे. मी काय करायची, वन्सं यायच्या आदल्या दिवशी सगळे तळून ठेवायची आणि डबा तिच्या हातात द्यायची. वन्सं आल्या की ही डबा घेऊन पुढे. ‘आत्या, मी केले.’ आणि त्या बारामतीभर सांगत सुटायच्या.” त्या हसू दाबायला लागल्या. “एकदा तर वन्सं म्हणाल्या, कर बघू माझ्यासमोर. तर ही बया म्हणते, आज माझा उपास आहे, मी तळणीला हात लावत नाही. तळणीला! असला कुठला उपास असतो का गं?”

मग मात्र मला आवरेना. मधल्या खोलीतली ती हार घातलेली बाई, जिच्या समोर मी कालपासून अंग चोरून वावरत होते, ती उपासाची थाप मारून डब्याआड लपलेली मला स्वच्छ दिसली. मी हसायला लागले. जिजी हसायला लागल्या. राखेचे हात वर धरून, तोंडावर हात ठेवता येत नाही म्हणून एकमेकींच्या खांद्यात तोंड खुपसून आम्ही हसत होतो. मध्येच कधी तरी मी रडायला लागले असेन, कारण जिजींनी मनगटानं माझे डोळे पुसलेले आठवतात, आणि दिवसभर माझ्या गालावर राखेचा पट्टा होता, तोही.

आतून आत्यांचा आवाज आला. “काय गं यमुना? काय चाललंय तिकडे?”

जिजींनी श्वास घेतला. “काही नाही वन्सं. मायलेकींचं आपलं चाललंय.”

 मग खाट करकरली.

“बरं,” आत्या म्हणाल्या. “मग जरा हळू हसा. जावईबापूंचा आत्ता कुठे डोळा लागलाय.”